भिंगरीच्या मानेतला दुसरा मणका

"डॉक्टर, माझं डोकं कधी निखळून खाली पडेल का?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हता. तो तिच्या दोन मैत्रिणींचा होता, लंबूचा आणि चष्मिशचा. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघींनी तो वहीच्या पानावर लिहून, पानाची घडी करून तिच्या दप्तरात कोंबला होता. खाली लिहिलं होतं, 'हिंमत असेल तर विचार. नाही विचारलंस तर महिनाभर तुझं नाव भित्री भागूबाई.' आता आमच्या भिंगरीला कुणी 'हिंमत असेल तर' म्हटलं की संपलंच. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर खुर्चीवर बसायच्या आधीच तिने विचारून टाकलं, आणि वर स्वतःच खुदकन हसली.

आई म्हणाली, "अगं, काय हे बोलणं!" बाबा फरशीकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या पेटीतला दिवा लावला, तिच्यावर एक काळा फोटो अडकवला आणि पेनाचं टोक फोटोतल्या एका जागी टेकवलं.

"निखळून खाली पडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न अगदीच वेडा नाहीये."

वर पंखा घरघरत होता. आणि मित्रांनो, ते पेनाचं टोक जिथे टेकलं होतं ना, तिथे मी होतो.

मी एक मणका आहे. मानेतला, वरून दुसरा. आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी आपण किती जुने आहोत ते सांगायचं असतं, म्हणून सांगतो: मी चौदा वर्षांचा आहे, भिंगरीएवढाच. तुम्ही म्हणाल, एवढा कोवळा असून याला सांगण्यासारखं काय असणार? ऐका तर खरं.

मानेत आम्ही सात भाऊ एकावर एक बसलेलो असतो. सगळ्यात वरचा थोरला. तो म्हणजे एक कडं आहे, मधे मोकळं. त्याच्यावर सगळं डोकं टेकलेलं. त्याच्या खालचा मी. माझ्या अंगातून वर एक हाडाची खुंटी निघते आणि ती थोरल्याच्या कड्यात शिरते. थोरला त्या खुंटीभोवती फिरतो, म्हणून डोकं फिरतं. तुम्ही 'हो' म्हणायला मान खालीवर करता ते काम मुख्यतः थोरल्याचं. 'नाही' म्हणायला मान डावी-उजवीकडे हलवता ना, ते माझं. भिंगरीने आजवर दूध, भेंडी, दुपारची झोप आणि गणिताची शिकवणी या सगळ्यांना जे 'नाही' म्हटलं, ते माझ्या जिवावर. बढाई नाही मारत, पण कामाचा ताण होता.

भिंगरीच्या बाबांचं केस कापायचं दुकान आहे. तिथे तीन फिरत्या खुर्च्या आहेत. खाली लोखंडी दांडा आणि त्याच्यावर बैठक. दांडा पक्का असला की बैठक गर्रकन फिरते आणि माणूस आरामात बसतो. तिसऱ्या खुर्चीचा दांडा बुडाशी तडकलेला आहे. ती कोपऱ्यात चादर घालून ठेवलेली असते. बाबा तिच्यावर कुणालाच बसू देत नाहीत. वरून ती इतर दोघींसारखीच दिसते. फिरते पण. म्हणूनच जास्त वाईट.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुणाबद्दल बोलतोय. माझी खुंटी माझ्या अंगाला जोडलेलीच नाही. इतर मुलांमध्ये ती शाळेत जायच्या वयापर्यंत पक्की सांधते. माझी सुटीच राहिली. आमच्या मधे एक बारीक फट आहे. त्या फटीमुळे खुंटी थोरल्याबरोबर पुढेमागे सरकते, आणि तिला धरून ठेवणं माझ्या हातात नाही.

हे मला माहीत होतं का? नव्हतं. उलट मी फार कौतुकात वाढलो. भिंगरी तीन महिन्यांची असताना एके दिवशी आत्याने तिला उभं धरलं आणि ओरडली, "अगं बाई, मान धरली हिने!" आई ओले हात घेऊन धावत आली. बाबा दुकान तसंच टाकून आले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि भिंगरीचं डोकं डगमगत का होईना, पण वर होतं. मित्रांनो, तुम्हीही मान धरलीत तेव्हा कुणीतरी अशाच टाळ्या वाजवल्या असतील. तुम्हाला आठवत नाही. आम्हाला आठवतं.

त्यानंतर मात्र आमच्याकडे कुणी बघितलं नाही. नाकाकडे बघतात, केसांकडे बघतात, दात तर दिवसातून दोनदा घासतात. मानेला मात्र पावडर सोडून काही मिळत नाही.

भिंगरी दोन वर्षांची असताना बाबांनी तिचे केस कापायला तिला दुकानात नेलं. लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात, तिच्यावर बसवलं. बाबा कंगवा घ्यायला वळले. फळी सरकली. भिंगरी डोक्यावर पडली, रडली, गोळी चघळली आणि गप्प झाली. माझी खुंटी तेव्हा सुटली की जन्मापासून सुटीच होती, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकल्या नाहीत. मलाही सांगता येत नाही. माझी आठवण सुरू होते तेव्हा फट आहेच, आणि त्या वयात ती सगळ्यांनाच असते.

माझ्या मागून एक दोर खाली जातो, करंगळीएवढा जाड आणि लोण्यासारखा मऊ. त्याला मज्जारज्जू म्हणतात. डोक्याने दिलेला प्रत्येक निरोप त्यातून हातापायांकडे जातो. उठ, पळ, श्वास घे, शर्टाचं बटण लाव. आम्ही भाऊ त्याच्याभोवती भिंत करून उभे असतो. मला जन्मापासून एवढं एकच खरं काम दिलेलं होतं: या शेजाऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही.

आणि मीच सैल निघालो.

गेल्या वर्षापर्यंत ते निभावलं, कारण भिंगरी मान खाली घालून चालायची. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. मग शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच तासाला हिच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "वर बघ गं. आकाश फुकट आहे." झालं! भिंगरी बघता बघता बदलली. हातांवर उभी राहायला शिकली. चक्र मारायला शिकली. गादीवर एकामागून एक अशा पाच कोलांट्या मारायची आणि उठून दोन्ही हात वर करायची. वार्षिक कार्यक्रमात सगळ्यात शेवटी तिनेच एकटीने यायचं असं ठरलं. घरातून दुकानात जाताना ती चालायची नाही, फिरत जायची. बाबा म्हणायचे, "आली माझी भिंगरी!"

मलाही मजा वाटायची. खोटं कशाला बोलू? प्रत्येक कोलांटीला माझी खुंटी मागे सरकून शेजाऱ्याला हळूच टेकायची आणि परत यायची. मला वाटायचं, टेकली तर टेकली. तो काही बोलत नव्हता. तो लगेच बोलत नाही. तीच तर त्याची खोड आहे.

मग ती दुपार आली.

बाबांचा हात अख्ख्या रस्त्यात प्रसिद्ध होता. केस कापून झाले की ते टॉवेल झटकायचे, गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा, आणि कट्! डावीकडे. कट्! उजवीकडे. मोठमोठी माणसं डोळे मिटून सुस्कारे सोडायची. काही तर डोक्यावर केस नसूनही यायची, नुसती मान मोडून घ्यायला. बाबा हे त्यांच्या वडिलांकडून शिकले होते आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती.

सरावाने भिंगरीची मान आखडली होती. जेवणाच्या सुट्टीत दुकान रिकामं होतं. ती पहिल्या खुर्चीवर बसून म्हणाली, "बाबा, मोडा ना माझी पण. तुम्ही सगळ्यांची मोडता, मी काय पाप केलंय?"

"ये बघू. अंग सैल सोड."

मित्रांनो, मला ओरडता येत असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. ते हात प्रेमाचे होते. त्यांना अक्कल होती, सराव होता. फक्त आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

कट्.

थोरला माझी खुंटी घेऊन सरकला आणि शेजाऱ्याला दाबून बसला.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "माझे पाय कुठे गेले?"

बाबा आधी हसले. तिला नकला करायची सवयच होती. मग त्यांनी आरशात बघितलं. तिचे हात खुर्चीच्या हातांवरून घसरून दोन्ही बाजूंना लोंबत होते, धुऊन टांगलेल्या बाह्यांसारखे. आरशातला तिचा चेहरा मात्र अजून हसत होता, कारण चेहऱ्याचा रस्ता माझ्यावरून जात नाही.

नऊ श्वास. मी मोजले. नवव्या श्वासाला खुंटी मागे फिरली आणि तिच्या बोटांत मुंग्या आल्या.

"नस दबली असेल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसता. "आईला नको सांगूस. उगाच घाबरेल."

"नाही सांगत," भिंगरी म्हणाली, आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. माझ्याच जिवावर.

त्यानंतर गोष्टी हळूहळू येऊ लागल्या. बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली की पाठीतून वीज सर्रकन पायापर्यंत जायची. शर्टाचं वरचं बटण लावायला लागणारा वेळ वाढला. अक्षर बिघडलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "कोंबडीने लिहिलंय का गं?" वर्ग हसला, भिंगरी सगळ्यात मोठ्याने हसली. पेन्सिल बोटांत आहे की नाही हे तिला बघून ठरवावं लागत होतं, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. कार्यक्रम तोंडावर आला होता ना.

शेवटी आईनेच पकडलं. आई कुरियरच्या कचेरीत पार्सलं निवडते. कुठलं खोकं आतून फुटलंय ते ती नुसतं हलवून सांगते. एके संध्याकाळी भिंगरी घरी आली आणि आईने तिच्या पायांकडे बघितलं.

"एक चप्पल कुठे?"

भिंगरीने खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. पाय धुळीने काळा झाला होता आणि टाचेला काच लागून रक्त येत होतं. ती तशीच तीन गल्ल्या चालत आली होती.

"दुखलं नाही तुला?" आईने विचारलं.

"कळलंच नाही," भिंगरी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

म्हणून ती खोली, तो पंखा, तो फोटो. मान पुढे वाकवून एक, मागे वाकवून एक. दोन्ही फोटोंत माझी खुंटी वेगवेगळ्या जागी होती. दुसऱ्या मोठ्या यंत्रातल्या फोटोत शेजाऱ्याच्या अंगावर एक पांढरट डाग दिसला. तो माझा पराक्रम.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी अचानक हातपाय गेल्यासारखे झाले होते? एखाद्या धक्क्याने?"

भिंगरीने बाबांकडे तिरक्या डोळ्यांनी बघितलं. मग तिने मान हलवली. नाही.

मी हललो. माझं कामच ते. पण आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची लाज वाटली.

"झाले होते," बाबा म्हणाले. त्यांनी हात मांडीवर उताणे ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "माझ्या हातून."

आईने त्यांच्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आपली खुर्ची भिंगरीच्या बाजूला सरकवली.

मग डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं, आणि भिंगरीकडे बघून सांगितलं, हे मला आवडलं. ऑपरेशन मानेच्या मागून करायचं. थोरल्याला आणि मला स्क्रूंनी बांधायचं, कमरेच्या हाडाचा तुकडा मधे ठेवायचा, काही महिन्यांत आम्ही दोघं एकच हाड होऊ. मग खुंटी सरकणार नाही. पण मान वळणंही जवळजवळ निम्मं होईल, कायमचं. मागे बघायचं तर खांदे वळवावे लागतील. धोके आहेत: जवळून मोठी रक्तवाहिनी जाते, जखम चिघळू शकते, हाड न सांधलं तर पुन्हा करावं लागतं. गेलेली सगळी ताकद परत येईल असं वचन त्या देणार नव्हत्या.

"आणि नाही केलं तर?" आईने विचारलं.

"तर मानेला कडक पट्टा, खेळ बंद, दर काही महिन्यांनी तपासणी. काही जणांचं तसं निभतंही. पण हिच्या मज्जारज्जूवर डाग पडलाय. एखादा साधा धक्का, घसरणं, गाडीचा करकचून ब्रेक. तेव्हा हातपाय त्या वेळसारखे परत येतीलच असं मी म्हणू शकत नाही. श्वासही त्याच वाटेने जातो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझा सल्ला ऑपरेशनचा आहे. पुढच्या सोमवारी मला सांगा. तोवर पट्टा काढायचा नाही."

"माझा कार्यक्रम…" भिंगरी म्हणाली.

"कोलांट्या दोन्ही रस्त्यांवर संपल्या, बाळा. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल यानंतर घरात मोठी चर्चा झाली असेल. छे! तिघांनी मिळून तिसराच रस्ता धरला, काहीच न ठरवायचा. आई म्हणायची, "घाई कशाला? कचेरीतल्या एकीच्या दिरानं पाठीचं ऑपरेशन केलं, तो अजून उठलेला नाही." आत्याने फोनवर सांगितलं, "तेल लावून चोळा, सगळं जागेवर येतं." हे ऐकून आईने पहिल्यांदाच आत्याचं बोलणं तोडून फोन आपटला. बाबा म्हणायचे, "तुम्ही दोघी ठरवा. मला बोलायचा हक्क नाही." दुकानात त्यांनी कट् करणं बंद केलं. गिऱ्हाइकं कुरकुरायची.

"अहो, मान राहिली की!"

"बंद केलंय."

"का हो? हात दुखतो?"

"हो," बाबा म्हणायचे. "हात दुखतो."

आणि भिंगरी? तिला वाटायचं, ऑपरेशन केलं की आपण लाकडी बाहुली होणार. कुणी मागून हाक मारली की अख्खं अंग वळवायचं, कपाटासारखं. खेळाच्या तासाला ती नुसती गादीकडे बघत बसायची. पट्टा मात्र तिने मिरवला. आईने कचेरीतली लाल चिठ्ठी त्यावर चिकटवली होती, 'नाजूक. आपटू नये.' लंबूने दुसरी पैदा करून भिंगरीच्या कपाळावर लावली, 'ही बाजू वर.' चष्मिश म्हणाली, "आता तुला घरपोच पाठवायचं फक्त राहिलंय." तिघी पोट धरून हसल्या. मी मात्र हसण्याच्या प्रत्येक हिसक्याला खुंटीकडे बघत होतो.

सोमवार चार दिवसांवर आला तेव्हा शाळेत वर्गाचा फोटो होता.

पट्टा घालून फोटो काढायचा? दरवर्षी मागच्या रांगेत लपणारी भिंगरी यंदा पुढच्या रांगेत मधोमध बसणार होती, वर्गाचं नाव लिहिलेली पाटी हातात धरून. तिने विचार केला, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. पट्टा सोडून तिने चष्मिशच्या हातात दिला.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या ना…" चष्मिश म्हणाली.

"तू डॉक्टर आहेस का? धर."

फोटोवाला डोळा मिटून बघत होता. "पाटीवाली! हनुवटी वर. अं हं, फार झाली. जरा खाली." तो पुढे आला आणि त्याने एका बोटाने तिची हनुवटी खाली केली. एका बोटाने, मित्रांनो. तो बिचारा दिवसभरात शंभर हनुवट्या खालीवर करत असेल.

खुंटी सरकली. मी तिला धरायचा प्रयत्न केला. कशाने धरणार? मला कुठे हात आहेत!

"सगळे हसा!"

या वेळी मी तेवीस श्वास मोजले. नवव्याला काही झालं नाही. पंधराव्याला काही झालं नाही. विसाव्याला मला वाटलं, झालं, आता हेच. मी हे मुद्दाम करत नव्हतो. मी वाईट नाही. पण धोकादायक असायला वाईट असावं लागत नाही, एवढं मला त्या तेवीस श्वासांत कळलं. तेविसाव्याला तिच्या अंगठ्यात एक मुंगी आली. मग दुसरी. चष्मिश रडत रडत पट्टा बांधत होती आणि लंबू बाईंना हाका मारत सुटली होती.

फोटो दोन दिवसांनी आला. चाळीस मुलं हसतायत. मधोमध भिंगरीही हसतेय. तिचे हात मांडीवर रिकामे पडलेत, आणि पाटी तिच्या गुडघ्यांच्या पुढे हवेत तरंगतेय. पडता पडता टिपली गेलेली. वर्गात सगळ्यांना तो फोटो मजेदार वाटला. भिंगरीने तो बराच वेळ बघितला. मग पाकिटात घातला आणि शाळा सुटल्यावर थेट बाबांच्या दुकानात गेली.

फिरत नाही, चालत.

आईची सुट्टी होती. ती डबा घेऊन तिथेच आली होती. दोघं एका बाकावर, पण मधे डबा ठेवून बसली होती. अजून फारसं बोलत नव्हती. भिंगरीने फोटो आरशाखालच्या फळीवर उभा केला. आईने पाहिला. बाबांनी पाहिला. कुणी काही विचारलं नाही. शाळेतून फोन आलाच होता.

भिंगरी कोपऱ्यात गेली. तिने तिसऱ्या खुर्चीवरची चादर ओढली.

"बसू नकोस!" बाबा ताडकन उठले.

"नाही बसत. बाबा, ही दुरुस्त का नाही करून आणत?"

"जुनी बनावट आहे. तसा दांडा आता मिळत नाही."

"मग वेल्ड करून टाका की."

"वेल्ड केली तर फिरणार नाही ना."

"न फिरणाऱ्या खुर्चीत केस कापता येत नाहीत?"

"न यायला काय झालं?" बाबा म्हणाले. धंद्याची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज आपोआप मोकळा होतो. "माझ्या वडिलांकडे साधी लाकडी खुर्ची होती. ती कुठे फिरायची? खुर्ची फिरत नसली तर आपण तिच्याभोवती…"

ते तिथेच थांबले. आईने डब्याचं झाकण हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

"आपण तिच्याभोवती फिरायचं," बाबांनी हळूच वाक्य पुरं केलं.

मित्रांनो, तुम्हाला एक विनंती करतो, कारण नंतर मला बोलता येणार नाही. तुमच्या मानेत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते ठीक आहे असं धरून चालू नका. वाकल्यावर वीज चमकली, बटण लागेना, पायातली चप्पल कळेना, तर हसून घालवू नका आणि 'आईला नको सांगूस' तर मुळीच म्हणू नका. आणि कुणाची मान, कितीही लाडाने असो, मोडू नका. त्या दुकानातल्या हातांपेक्षा प्रेमळ हात मी पाहिलेले नाहीत.

माझं म्हणाल तर मी चौदा वर्षं फिरलो. आता थोरला आणि मी एक होऊ आणि मला पुन्हा 'नाही' म्हणता येणार नाही, म्हणजे पूर्वीसारखं गरगर नाही. थोडं वाईट वाटतं. पण मला दिलेलं खरं काम फिरायचं नव्हतंच. ते शेजाऱ्याला जपायचं होतं, आणि ते मला कधी जमलं नाही. आता कदाचित जमेल. कदाचित म्हणतोय. ऑपरेशनच्या रस्त्यातही अंधार आहे, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलेलं नाही आणि मीही लपवणार नाही.

भिंगरीने चादर परत खुर्चीवर घातली. तिचे कोपरे नीट खोचले. बोटांना दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. मग ती अख्ख्या अंगाने वळली, कपाटासारखी.

"अगं पण," आई म्हणाली, "काही झालं तर? टेबलावरच काही…"

"मला पण भीती वाटते, आई. फार वाटते. पण ती पाटी बघ ना. ती अजून खाली पडलेली नाही. मला ती पडायची वाट बघत बसायचं नाहीये."

आईने बाबांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी. बाबांनी डबा उचलून बाजूला ठेवला आणि ते तिच्याजवळ सरकले.

भिंगरीने मान हलवली. पट्ट्यात जेवढी हलते तेवढी, वरून खाली. ते काम थोरल्याचं. मी गप्प उभा राहिलो.

"आई, बाबा, मी ऑपरेशन करून घेणार आहे. सोमवारी डॉक्टरांना मीच सांगणार. कागदावर सही तुम्ही दोघांनी करायची, पण ठरवलंय मी."